दुसरी सही

पाळणाघरातून फोन आला तेव्हा माझ्या हातात काचेची बशी होती आणि बशीत काहीही उगवलेलं नव्हतं. काही न उगवणं हीच माझ्या कामातली चांगली बातमी. टाकीचं पाणी आणायचं, बशीतल्या जेलीवर पसरायचं, उबेच्या कपाटात ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी बघायचं की त्यात कुणी घर केलंय का. केलं नसेल तर शहरानं खुशाल प्यावं. फोनवर पाळणाघरवाल्या ताई होत्या. एरवी त्या बोलायला लागल्या की थांबत नाहीत, आज मात्र एका दमात एवढंच म्हणाल्या, "एका बाळाला गोवर निघालाय. ज्यांची लस झाली नसेल त्यांनी लगेच घेऊन जा," आणि पुढच्या आईला फोन लावायला निघून गेल्या. माझ्या पोटात गोळा आला. माझी मुलगी, आम्ही तिला ठमी म्हणतो, आत्ता कुठे चालायला लागलीय आणि तिला गोवराची लस दिलेली नाही, कारण तिच्या बापाचं घोडं गेले कित्येक महिने एका जागी अडून बसलंय. तो गोळा पोटात धड बसतोय न बसतोय तोच त्याच्या शेजारी दुसरं काहीतरी येऊन बसलं, ऊबदार, ऐसपैस. आता बोल म्हणावं, मी मनात म्हटलं. आता बोल.

आमच्याकडे अहवालावर दोन सह्या लागतात. एकीवर पाणी पास होत नाही. एक तपासणाऱ्याची, म्हणजे माझी, आणि दुसरी समोरच्या टेबलावरच्या गृहस्थांची. त्यांनी माझी बशी स्वतः उजेडात धरायची, ठिपके मोजायचे, माझ्या आकड्याशी ताडून बघायचं आणि मग सही करायची, असा नियम. हे गृहस्थ निवृत्तीला टेकलेत आणि बशी त्यांनी शेवटची कधी बघितली हे त्यांनाही आठवणार नाही. तुम्ही बघितलंय ना, मग झालं, म्हणतात आणि सही ठोकतात. मी त्यांना मनातल्या मनात ठोंब्या म्हणते. पण या ठोंब्याइतका सोयीचा माणूस मला आयुष्यात दुसरा भेटलेला नाही, हेही खरं. मी लवकर निघतेय म्हणून सांगितलं तर त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि कारण विचारलं. गोवर, लस, पाळणाघर, मी थोडक्यात सांगितलं. "लस दिली नाही? तुम्ही?" ते म्हणाले. त्या 'तुम्ही'त सगळं आलं. ज्या बाईच्या सहीवर शहर पाणी पितं ती बाई. मी म्हटलं, मिस्टरांना पटत नाहीये अजून. मग? मग काय, आमच्यात दोघांचं पटल्याशिवाय मुलीचं काही ठरत नाही. यावर ते हसले. बशीकडे न बघता त्यांनी सही केली आणि अहवाल माझ्याकडे सरकवला.

रस्त्यावर ऊन होतं. माणसं नळाखाली ओंजळ धरत होती, बाटल्या भरत होती, दुकानाबाहेर एकजण तोंड वर करून घटाघटा पीत होता. मला अशा वेळी गंमत वाटते. यातल्या एकालाही विचारावंसं वाटत नाही की या पाण्यात काय काय घालतात, ते किती जालीम असतं, थोडं जास्त झालं तर काय होईल. विश्वासानं पितात. आणि घरी गेल्यावर हीच माणसं सुईचं नाव काढलं की एकदम संशोधक होतात. आमच्या मजल्यावर एक बाई राहतात, दोन मुलांची आई, मी त्यांना निसर्गताई म्हणते, अर्थात पाठीमागे. साबण घरी करतात, मुलांना बूट घालत नाहीत, आणि बोलताना डोळे असे अर्धे मिटून घेतात की वाटावं आतून कुणीतरी कानात सांगतंय. शरीराला स्वतःचं शहाणपण असतं, असं त्या एकदा माझ्या नवऱ्याला जिन्यात म्हणाल्या होत्या. मी तिथंच होते. मी म्हटलं, हो ना, आणि त्या शहाण्या शरीराला जुलाब लागू नयेत म्हणून आम्ही आठ तास खपतो. त्या हसल्या, क्षमाशीलपणे. नवरा हसला नाही. तो त्या वाक्याला जिन्यातून वर येईपर्यंत चघळत होता.

नवऱ्याचं काम ऐकलं तर कुणालाही त्याची कीव येईल. औषधाच्या खोक्यात तो पातळ कागद असतो ना, घडी एकदा उलगडली की परत बसत नाही, बारीक अक्षरांनी भरलेला, जो कुणी वाचत नाही, तो कागद माझा नवरा वाचतो. पोटासाठी वाचतो. छपाईला जाण्याआधी मजकुरातला शब्दन् शब्द तपासायचा, एका औषधातलं दुसऱ्यात गेलं नाही ना ते बघायचं. त्यामुळे माणसाला काय काय होऊ शकतं याचं त्याच्याइतकं ज्ञान यमालाही नसेल. त्या कागदांवर 'क्वचित' हा शब्द जागोजागी असतो. क्वचित झटके येतात, क्वचित श्वास अडतो. सगळं जग हा शब्द ओलांडून पुढे जातं. माझा नवरा तिथं थांबतो. त्याच्या लेखी क्वचित म्हणजे कुणीतरी एक, नाव-गाव असलेला, अमुक गल्लीत राहणारा. लग्नाआधी मला याचं फार कौतुक होतं. किती हळवा माणूस, असं मी मैत्रिणीला सांगितल्याचं आठवतं, आणि आता ते आठवलं की माझ्याच कानशिलात द्यावीशी वाटते. हळवा! डोकेदुखीची गोळी घ्यायची तर हा आधी पलंगावर बसून घेतो.

सुरुवातीच्या लसी ठमीला वेळच्या वेळी दिल्या होत्या. मग एका लसीनंतर तिला ताप चढला. मी कामावर होते, हा घरून काम करत होता. ती दुपारभर रडली म्हणे, नेहमीचं रडणं नव्हे, उंच सुरातलं, एकसारखं, आणि मध्येच थांबली तेव्हा याला वाटलं की संपलं. मी घरी पोचले तेव्हा ताप उतरला होता, ठमी पालथी पडून उशीचं टोक चोखत होती आणि हा भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता, शर्टाची पुढची बाजू ओलीचिंब. मी ताप बघितला, तिचा लंगोट बदलला आणि म्हटलं, एवढंच ना, होतं असं. मूग गिळून बसणं ही त्याची जुनी खोड. गोवराच्या लसीची वेळ आली तेव्हा मात्र बोलला, "थोडं थांबू या का?" डॉक्टरांना काय, त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी याच्याकडे बघितलं, आणि आम्ही थांबलो. तेव्हापासून ते भिजत घोंगडं तसंच पडलंय. रात्रीचं जेवण म्हणजे वादसभा. मी आकडे मांडते. हजारात किती, लाखात किती. मी मुद्देसूद बोलते, मला माहीत आहे मी चांगली बोलते, मध्ये मध्ये मला स्वतःचाच आवाज आवडतो. तो ताटात बघून ऐकतो आणि शेवटी म्हणतो, तुझं बरोबरच असेल, पण मला अजून नाही धीर होत. याला काय उत्तर द्यायचं? चिखलात काठी मारल्यासारखं आहे ते.

मग मी एकटीच का घेऊन गेले नाही तिला? पाळणाघराच्या वाटेवर, सिग्नलला उभी असताना, हा प्रश्न मला ठोंब्याच्या आवाजात ऐकू आला. दवाखाना आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. नेलं असतं, टोचून आणलं असतं, झालं असतं. पण नियम माझा होता. ठमीच्या बाबतीत दोघांचा होकार असल्याशिवाय काही करायचं नाही, हे मीच तिच्या जन्माआधी ठरवलं होतं, आणि ज्याला त्याला सांगतही सुटले होते. कारण आमच्या घरी सगळं एकटे बाबा ठरवायचे. पडद्याचा रंग, माझी शाळा, आईची दाढ. आईची दाढ दुखायची तेव्हा बाबांनी ठरवलं की काढायची गरज नाही, आणि आईनं जन्मभर एका बाजूनं खाल्लं. तिचा तो वाकडा जबडा बघत मी मोठी झाले. माझ्या घरात असं होणार नाही, माझ्या घरात दोन माणसं असतील. फार उदात्त. फक्त आता सिग्नलचा दिवा बदलला तरी मी तिथंच उभी होते आणि मागच्या माणसाचा धक्का लागेपर्यंत माझ्या लक्षात आलं होतं की मला घरात दुसरा माणूस नको होता. मला ठोंब्या हवा होता. तुम्ही बघितलंय ना, मग झालं. आणि नवरा बशी उजेडात धरून बसला होता, म्हणून मी त्याच्यावर दात खात होते.

गोवर मला माहीत आहे. हे मी त्याला कधी सांगितलं नाही. तेव्हा मी ठमीपेक्षा तीनेक वर्षांनी मोठी असेन. पडदे ओढलेली खोली, उजेड डोळ्यांना टोचायचा, पापण्या चिकटायच्या, अंगाला पातळ चादरसुद्धा काट्यासारखी लागायची आणि बाहेर अंगणात कुणीतरी चेंडू भिंतीवर मारत असायचं, धप, धप. मग एके दिवशी तो आवाज एकाच बाजूनं यायला लागला. डाव्या कानातून पू यायचा, आई कापसानं पुसायची. तो कान नंतर अधू झाला तो झालाच. अजूनही मी सिनेमात, मीटिंगमध्ये डाव्या कडेची खुर्ची धरते, म्हणजे सगळे उजवीकडे येतात. नवऱ्याला वाटतं ती माझी ऐट आहे. सांगितलं का नाही? कारण एका पोरीचा एक कान हा पुरावा नसतो. तो एका दुपारच्या रडण्यावरून घाबरतो म्हणून मी त्याला हसते, मग मी माझा कान काढून त्याच्यासमोर ठेवायचा? मी शिकलेली बाई आहे. माझ्याकडे आकडे होते.

पाळणाघराच्या दारातच चपलांचा ढीग होता आणि आतून पावडरीचा, दुधाचा, ओल्या दुपट्यांचा वास येत होता. दोन-तीन आया लस न झालेली आपापली पोरं कडेवर घेऊन घाईघाईनं बाहेर पडत होत्या, एकमेकींकडे न बघता, जणू काही चोरी करताना सापडल्या होत्या. त्यांच्याकडे बघून मला नेहमीसारखं तोंड वाकडं करावंसं वाटलं आणि मग आठवलं की आज मीही त्यांच्यातलीच. ठमी कोपऱ्यात रिकाम्या डब्यात चमचा घालून ढवळत बसली होती. मी तिला उचललं, कपाळ बघितलं, कानामागे बघितलं, फ्रॉक वर करून पोट बघितलं. ताई हातात कुणाची तरी बाटली घेऊन आल्या आणि आश्चर्यानं म्हणाल्या, "तुम्ही कशाला धावत आलात? मी सगळ्यांनाच फोन केला हो, एकसारखा. हिची झालीय ना लस."

मी म्हटलं, नाही झालेली.

"असं काय करताय?" त्या म्हणाल्या. "मागच्या महिन्यात नाही का बाबा घेऊन गेले. इथूनच नेलं, इथंच आणून सोडलं. मग आठवड्याभरानं जरा कणकण आली तर दोन दिवस घरी ठेवलं होतं त्यांनी. विसरलात?"

मी विसरले नव्हते. दात येताहेत म्हणून त्यानं रजा काढली होती. दातांसाठी रजा घेणारा जगातला पहिला बाप, असं मी त्याला म्हटलं होतं, आणि ऑफिसात ठोंब्यालाही रंगवून सांगितलं होतं. ताई काहीतरी पुढे बोलत होत्या, त्या बाळाच्या आईबद्दल, स्वच्छतेबद्दल, आणि मी मान हलवत होते. ठमी सुरक्षित होती. हे मी स्वतःला सांगितलं, पुन्हा एकदा सांगितलं, शाळेत वाक्य पाठ करायला लावतात तसं. आणि पोटातला गोळा खरंच विरघळला, नाही असं नाही. पण त्याच्या शेजारी जे ऐसपैस येऊन बसलं होतं त्याला कुणीतरी खुर्चीवरून ढकलून दिलं होतं आणि ते आता जमिनीवर बसून माझ्याकडे बघत होतं. म्हणजे गेला महिनाभर तो रोज रात्री माझ्याशी कशावरून वाद घालत होता? लस टोचून झालेल्या मुलीला लस द्यावी का यावर मी आकडे मांडत होते, आवाज चढवत होते, आणि तो ताटात बघून म्हणत होता, मला अजून धीर होत नाही. ताकास तूर लागू दिली नाही. भित्रा तर भित्रा, वर नाटकीही. मी त्याला जे जे म्हणत आले होते ते सगळं कमी पडायला लागलं.

घरी आणून मी तिला खेळायला बसवलं आणि त्याला एवढाच निरोप पाठवला की ठमीला आणलंय. तो छापखान्यात गेला होता. आला तो एक बूट पायात, एक हातात. पाळणाघरात गोवर निघालाय, मी सांगितलं, आणि बशीकडे बघतात तशी त्याच्याकडे बघत राहिले. "बापरे," तो म्हणाला. जेवढं म्हणायला हवं तेवढंच. ठमीच्या कपाळाला हात लावला. मग पाठमोरा असतानाच त्यानं विचारलं की ताई काय म्हणाल्या. काय म्हणणार, घेऊन जा म्हणाल्या, मी म्हटलं. त्याचे खांदे खाली आले. मला ते दिसलं आणि हसू आलं, चांगलं नव्हे.

जेवायला बसलो. ठमी उंच खुर्चीत, आमच्या मध्ये. मी विषय काढायची वाट बघून त्यानंच सुरू केलं, की असं असलं तरी घाईघाईत काही ठरवायला नको. त्याचा जीव त्यात नव्हता. आज मला ते ऐकू येत होतं, आणि हेही कळत होतं की गेला महिनाभर नव्हता, फक्त मी माझ्या बोलण्याच्या नादात होते. मी चमचा खाली ठेवला. मला त्याला तडफडताना बघायचं होतं. याला दुसरं, जरा शोभेसं कारण मी बरंच शोधलं, पण ते नाही.

"तुझं पटलंय मला," मी म्हटलं. "नको देऊ या."

तो थांबला. नको म्हणजे, त्यानं विचारलं. मी शांतपणे सांगितलं की नको म्हणजे अजिबात नको, आता नाही, पुढचा डोस नाही, शाळेत जाताना नाही. मीच उगाच इतके दिवस ताणून धरलं. शरीराला स्वतःचं शहाणपण असतं. हे शेवटचं बोलताना मी डोळेसुद्धा अर्धे मिटले.

आता कबूल करेल, मला वाटलं. नाहीतर खोकेल, पाणी पिईल, उठून जाईल. पण तो माझी समजूत घालायला लागला. आधी अडखळत, मग सलग. माझेच मुद्दे होते. हजारात किती, लाखात किती, सगळं त्याला पाठ होतं, माझ्या क्रमानं. ताटात बघत होता तेव्हा तो ऐकत होता तर. फक्त माझ्या तोंडी ते सगळं समोरच्याला गप्प करण्यासाठी असायचं, आणि हा ते मागितल्यासारखं बोलत होता. ठमीला ताप आला तर दोघं रजा घेऊ म्हणाला. रडली तर तू नको, मी घेऊन बसतो. "भीती जायची वाट बघत राहिलो तर ठमी म्हातारी होईल गं," म्हणाला. मी महिनोन्महिने ज्या बाजूनं भांडत होते ती बाजू मी पहिल्यांदाच ऐकत होते, आणि मला ती पटायला लागली होती, ही त्यातली सगळ्यात हास्यास्पद गोष्ट. मग तो माझ्या डाव्या बाजूनं उठला आणि खुर्ची ओढून उजव्या बाजूला येऊन बसला.

"तुझा कान गोवरातच गेला ना?" तो म्हणाला. "तुझ्या आई बोलल्या मला. मागे आल्या होत्या तेव्हा. तू का नाही सांगितलंस कधी?"

मी म्हटलं, त्याचा इथं काय संबंध.

"मला तेवढंच कळलं," तो म्हणाला. "बाकीचं नुसतं बरोबर होतं." आणि मग, "हो म्हण ना."

मला हो म्हणता आलं असतं. एक अक्षर. ठमी आमच्याकडे आळीपाळीनं बघत होती, तिच्या हनुवटीवरून ओघळ आला होता. अजून थोडं, मला वाटत होतं, अजून थोडं बोलू दे याला. त्यानं वाट बघितली. मग फडकं घेतलं, तिची हनुवटी पुसली, आणि तिच्याकडेच बघत म्हणाला, "दिलीय मी. मागच्या महिन्यात. दात नव्हते येत तिला."

"मग मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं. हा प्रश्न मी दुपारपासून घोटून ठेवला होता, चांगली धार लावून.

त्यानं फडक्याची घडी घातली. रागावला नव्हता. छापायच्या आधी तो ते कागद मोठ्यानं वाचून बघतो, त्या आवाजात म्हणाला, "कारण तू जिंकल्यासारखं 'बघ' म्हणाली असतीस."

मी तोंड उघडलं. तोच शब्द होता तिथे, जिभेच्या टोकावर, अगदी तयार. तो मी गिळला, आणि त्याच्या मागे दुसरा एकही नव्हता.